धाकट्याचे मार्क

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या टीव्हीसमोर लाकडी खुर्चीत बसून तोंडाने हॉर्न वाजवत होत्या. हातात गेमचा कंट्रोलर, पडद्यावर शर्यतीची लालभडक मोटार, आणि वळण आलं रे आलं की बाई वेग कमी करून "पँ पँ" करायच्या. बाकीच्या मोटारी कधीच्याच पुढे निघून गेल्या होत्या. मी खोली भाड्याने मिळेल का हे विचारायला दारात उभा होतो. मान न वळवता त्या म्हणाल्या, "थांब हं जरा, एवढा घाट संपू दे."

मला राहवलं नाही. म्हटलं, "यात समोरून कोणी येत नाही हो. शर्यत आहे ही."

"समोरून एसटी आली म्हणजे कळेल. आंबा घाटात काय सांगून येत्ये?"

मी कोल्हापूरहून त्याच सकाळी त्याच घाटाने आलो होतो, त्यामुळे मुकाट्याने चपला काढल्या. भाडेकरू ठेवताना लोक काय काय विचारतात. लग्न झालंय का, गाव कुठलं, मासेमटण खातोस का. बाईंनी एवढंच विचारलं, "एकट्याचा गेम खेळतोस की दोघांचा?" मी घाबरून "दोघांचा" म्हणालो आणि माडीवरची खोली मला मिळाली. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याचे प्लॅस्टिकचे क्रेट बनवणाऱ्या कारखान्यात मी नोकरीला लागलो होतो. कामाला ऑफिसातच होतो, पण एमआयडीसीत आहे म्हणजे याला यंत्रातलं सगळं कळतं असं बाईंनी परस्पर ठरवून टाकलं. पुढे तीन वर्षं त्या घरातली प्रत्येक वायर मीच लावली, त्यातल्या पुष्कळशा उलट्या.

अर्ध्या रत्नागिरीला बाईंनी भूगोल शिकवलेला. निवृत्त झाल्या तरी गावात कोणी त्यांना नावाने ओळखत नसे. सख्खा पुतण्यासुद्धा बाईच म्हणे, कारण शाळेत घरचं नातं आणायचं नाही असा त्यांचा दंडक होता आणि तो पुढे घरातही लागू झाला. गेममध्ये शिरल्या की त्या आधी शत्रू बघत नसत, नदी बघत. "ही बघ, डोंगराकडे वाहत्ये. दोन मार्क गेले." एका गेममध्ये नायकाचं गाव पेटलं होतं, नायकाची बहीण आतून हाका मारत होती आणि बाई शेजारच्या टेकडीवर चढून खडक निरखत होत्या. "हा जांभा नव्हे. नुसता रंग फासलाय." बहीण काही वाचली नाही. दुसऱ्या खेपेला बाईंनी आधी तिला बाहेर काढलं, मग खडक बघितला, पण मार्क वाढवले नाहीत.

मार्क म्हणजे दहापैकी. त्यांच्या लेखी जगात मार्क न देण्याजोगी वस्तूच नव्हती. माझ्या चहाला चार मिळत आणि वर "प्रयत्न दिसतो" असा शेरा. समोरच्या घरातल्या लग्नाला त्यांनी सात दिले, मुलीकडच्यांना आठ. ते मार्क लोक मनावर घेत. बाईंनी उगीच कोणाला वर चढवलं नाही आणि उगीच पाडलंही नाही, असं त्यांचे नापास झालेले विद्यार्थीच जास्त सांगत. त्यामुळे गावात कोणाला गेमचं यंत्र घ्यायचं असलं की तो आधी बाईंच्या पडवीत येऊन बसे.

आता हे वेड कुठून लागलं ते सांगायला हवं, आणि ते काकींशिवाय सांगता येत नाही. काकी म्हणजे बाईंच्या थोरल्या जाऊबाई. घर एक, चुली दोन, पडवी सामाईक. दोघींचे यजमान जाऊन वर्षं झाली होती. काकींचा मुलगा नोकरीला मुंबईकडे गेला तो जाताना आपलं गेमचं जुनं यंत्र माळ्यावर टाकून गेला. बाईंनी ते साफसफाईत खाली काढलं, पुसलं, आणि टीव्हीला लावून बघितलं. झालं. हा "थोरला". मग निवृत्तीनंतर स्वतःसाठी आणला तो "मधला". आणि बाजारात आलेला अगदी अलीकडचा, ज्याचं नाव निघालं की बाईंचा आवाज शाळेच्या संमेलनासारखा चढायचा, तो "धाकटा".

काकी अंगाने एवढ्याशा, आवाजाने त्याहून एवढ्याशा. सकाळी देवाला फुलं वाहताना पाकळीला इजा होऊ नये म्हणून जपणाऱ्या. त्यांना आवडायचा मारामारीचा गेम. दिवेलागण झाली की हाताला तांदळाचं पीठ तसंच ठेवून त्या बाईंच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसत, आणि पाच मिनिटांत बाईंचा पैलवान उताणा पडलेला असे. "उठतोस का मेल्या, का घालू आणखीन एक?" हे त्या इतक्या गोड आवाजात म्हणत की आत जेवणाऱ्या माणसाला वाटावं, कोणाला पोळी वाढतायत. काकींच्या कंट्रोलरची बटणं पिठाने आखडायची आणि मी रविवारी टाचणीने ती मोकळी करायचो.

दोघींनी खेळाची आणि स्वयंपाकाची सांगड घातली होती. मधल्यावर एक लढत संपून दुसरी सुरू व्हायला बराच वेळ लागे. पडद्यावर गोल चक्र फिरत राही. तेवढ्यात काकी कुकर चढवत, पुढच्या चक्रात आमटीला फोडणी, त्याच्या पुढच्यात ताक. मी त्या घरात जेवलेलं प्रत्येक जेवण यंत्राच्या मंदपणावर शिजलं होतं.

धाकटा बाजारात येऊन बराच काळ झाला तरी बाईंनी तो घेतला नव्हता. "कलमाचा पहिला मोहोर खुडून टाकायचा असतो," त्या मला समजावत. "यंत्राचंही तसंच. पहिल्यांदा येतं ते घेऊ नये, जरा खोड धरू द्यावं." दरम्यान आळीत त्याची कीर्ती मात्र त्यांनी अशी गाजवली होती की विचारू नका. तो आला की टीव्ही आणि खिडकी यात फरक कळणार नाही, माणूस पडद्यातून हात पुढे करून पाणी मागेल, वगैरे.

मग त्या वर्षी होळीच्या सुमारास काकींच्या मुलाचा फोन आला. डोंबिवलीत त्याने मोठी जागा घेतली होती. आई, तिथे एकटी कशाला राहतेस, आंब्याचा हंगाम संपला की न्यायला येतो. काकींनी "बघू" म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या ट्रंक उन्हात टाकताना दिसल्या.

बाईंनी मला जिन्यावर गाठलं. चेहरा लाल. "एकटी म्हणे! मग मी कोण? भिंतीवरचं कॅलेंडर?"

"मग सांगा ना त्यांना, जाऊ नका म्हणून."

"मी कशी सांगणार? लेकाकडे जात्यायत. मध्ये बोलणारी मी कोण?" त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या आणि परत वर आल्या. डोळ्यांत एकदम चमक. "धाकटा मागवत्ये. एकदा का तो बघितला की वहिनींचा पाय निघणार नाही इथून. पैज लाव."

हा त्यांचा बेत. एका बाजूला डोंबिवलीतली मोठी जागा, मुलगा, सून, नातू, लिफ्ट. दुसऱ्या बाजूला एक खोकं.

खोकं पाडव्याच्या आधी आलं. मुहूर्तावरच उघडायचं म्हणून ते ठेवायला जागा शोधली, तर घरात रिकामी जागा एकच होती, आंब्याच्या आढीची खोली. त्यामुळे गेमच्या यंत्रांची ही अत्याधुनिक पिढी दोन दिवस पेंढ्यात, पिकत्या हापूसच्या शेजारी झोपली. पुढे कायम ते यंत्र तापलं की आंब्याचा वास यायचा. काकी म्हणायच्या, "एवढं एक बरं आहे हो त्याचं."

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर बाईंनी आळी गोळा केली. श्रीखंडाच्या वाट्या फिरल्या. आणि बाईंनी यंत्रापुढे नारळ ठेवून चक्क गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं घालणं हे गावच्या मानकऱ्याचं काम, पण बाईंना अडवणार कोण?

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आळी ओरडली.

"आज पाडव्याच्या दिवशी हे नवीन यंत्र तुझ्या पायाशी ठेवलंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लाइट जायची असेल तर गेम सेव्ह झाल्यावर जाऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नेट येऊ दे, आणि आलेलं टिकू दे म्हाराजा!"

इथे आवाज असा घुमला की समोरच्या माडावरचे कावळे उडाले.

"आणि या घरातलं कोणी परगावी जायचं मनात आणत असेल, तर त्याला योग्य ती बुद्धी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काकी खांबाशी बसून श्रीखंडाची वाटी चमच्याने खरवडत होत्या. "योग्य म्हणजे कुठली ते देवाला नीट सांग गो. मागाहून घोळ नको."

"देवाला कळतं," बाई म्हणाल्या आणि घाईघाईने बटण दाबलं.

पडद्यावर डोंगर उगवला. खाली तळं. एक घोडा. आळी श्वास रोखून बसली होती. बसूनच राहिली. शेवटी शेजारचे एक काका चष्मा काढून पुसत म्हणाले, "बाई, हे मधल्यावर होतं ना?"

"मधल्यावर? अहो, पाणी बघा! पाण्यात ढगाचं प्रतिबिंब बघा!"

सगळे पुढे वाकले. ढगाचं प्रतिबिंब होतं. सगळे मागे टेकले.

"आणि पानं! वाऱ्याने प्रत्येक पान वेगळं हलतंय!"

"आपली मागची कलमंही हलतात गो," काकी म्हणाल्या. "आणि त्यांना आंबे लागतात."

अशी ती सुरुवात. त्यानंतर बाईंनी जी मोहीम उघडली ती मी जन्मभर विसरणार नाही. रोज संध्याकाळी धाकट्याचा एक नवा गुण काढून तो काकींपुढे मांडायचा. बिचाऱ्याचा प्रत्येक गुण अंगावर उलटे. त्याचा मोठा गुण म्हणजे वेग. गोल चक्र फिरायचंच नाही, लढत संपली की दुसरी हजर. पहिल्याच आठवड्यात काकींचा भात लागला, मग आमटी ओतू गेली, मग दूध. "याला काही दम नाही खायचा," काकी पातेलं घासत म्हणाल्या, "माणसाने उठायचं कधी?" मग बाईंनी कंट्रोलरची थरथर दाखवली. गेममध्ये पाऊस पडला की तो हातात थेंबाथेंबाने थरथरतो म्हणे. काकींनी जरा वेळ धरून बघितला आणि परत दिला. "माझे हात तसेही थरथरतात. वेगळं यंत्र कशाला?"

नवे गेम इंटरनेटवरूनच उतरवून घ्यावे लागत, आणि आमच्या आळीतलं नेट हे गाऱ्हाण्यालाही बधलं नव्हतं. एक गेम तर इतका रेंगाळत आला की तोवर आढीतली आंब्यांची एक फेर पिकून, काढून, वाटूनसुद्धा झाली. उघडला तर आतून निघाला थोरल्यावरचाच गेम, नव्याने रंगवलेला. बाईंचा चेहरा पडला, पण तोंड बंद पडलं नाही. "रंग बघा वहिनी, रंग!"

खरी अडचण मात्र वेगळीच होती. धाकट्यासाठी निघालेले नवे गेम बहुतेक सगळे एकट्याने खेळायचे, नाहीतर आपापल्या घरात बसून नेटवरून परक्यांशी. शेजारी शेजारी बसून दोघींनी खेळावं असं त्यात फार थोडं. बाईंनी एकदा कानाला हेडफोन लावून नेटवरचा खेळही करून बघितला. कुठल्या देशातला कोण जाणे, एक जण बंदूक घेऊन धावत आला. बाईंनी त्याला इंग्रजीतून थांबवलं आणि आधी नाव सांगायला लावलं. मग देश विचारला, राजधानी विचारली. त्याने राजधानी चुकीची सांगितली. बाई त्याला दुरुस्त करत असतानाच त्याने त्यांना गोळी घातली. हेडफोन काढून त्या मला म्हणाल्या, "बघ, उत्तर येत नसलं की मुलं अशी दंगा करतात."

काकी त्या दिवशी हसून हसून दमल्या. पण नंतर नंतर त्यांचं यायचं कमी झालं. बाई एकट्याच धाकट्यापुढे बसून मोठ्याने त्याचं कौतुक करत, म्हणजे भिंतीपलीकडे ऐकू जावं. "साडेनऊ! वहिनी, साडेनऊ मार्कांचं यंत्र आहे हो हे!" पलीकडून भांडी विसळल्याचा आवाज येई. मला स्वतःला धाकटा साफ फुसका वाटत होता, पण ते बाईंना सांगायची माझी छाती नव्हती. आंब्याचा हंगाम सरत आला. काकींच्या ट्रंकेला नवं कुलूप आलं. मुलगा रविवारी गाडी घेऊन यायचा होता.

त्याच्या आदल्या दुपारी बाईंचा एक जुना विद्यार्थी पडवीत येऊन बसला. चाळिशीचा गृहस्थ, गावात औषधांचं दुकान. बाईंसाठी आंब्याचं साठं घेऊन आला होता. काकी पलीकडच्या टोकाला सुपात कोकमं फोडत बसल्या होत्या, हात मनगटापर्यंत लाल. मी शनिवारची अर्धी सुट्टी म्हणून घरात होतो.

"बाई," तो म्हणाला, "ते नवीन यंत्र घ्यावं म्हणतोय. माझ्याकडे मधलं आहे. पण लोक म्हणतात, ही पिढी म्हणावी तशी नाही, नुसता गाजावाजा. तुमच्याकडे आहे ना? तुम्ही सांगाल तसं करतो. किती मार्क?"

एकीकडे विद्यार्थी, ज्याला खोटे मार्क सांगायचे नाहीत. दुसरीकडे सुपावरून वर झालेले काकींचे डोळे. बाईंनी एकदा मागे वळून टीव्हीकडे पाहिलं. मग पदर सारखा केला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "साडेपाच."

"साडेपाच? फक्त?"

"अक्षर सुंदर आहे. मजकूर तोच जुना. तुझ्याकडे आहे ते पुरे." आणि मग आवाज एकदम उतरला. "शेजारी कोणाला बसवता येत नाही रे त्याच्यापुढे. काय करायचाय?"

काकींनी हातातलं कोकम सुपात टाकलं. "आणि पाडव्यापासून मला साडेनऊ, साडेनऊ ओरडून सांगतेस ती कोण?"

"तुम्हाला मी मार्क सांगत नव्हत्ये, वहिनी."

"मग काय सांगत होतीस?"

विद्यार्थ्याने साठ्याच्या पुडीकडे बघायला सुरुवात केली. मी जिन्याचा कठडा धरला. बाई खांबाला टेकल्या होत्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, न शिकवलेल्या धड्यावर प्रश्न आल्यासारखा.

"जाऊ नका, असं सांगत होत्ये."

काकी एवढ्याशा आवाजात, पण लढतीत बोलत तशा म्हणाल्या, "मग तसं म्हणायचं गो! मी मेली इतके दिवस वाट बघत्ये, ही थांब म्हणत्ये का, म्हणून. लेक ये ये म्हणतोय, आणि तू इकडे त्या यंत्राची आरती ओवाळतेस. मला वाटलं, हिला एकटीने खेळायचं मिळालं आता, माझी अडगळ झाली."

"अडगळ?" बाई ओरडल्या. "अहो, तुमच्यासाठी आणला मी तो!"

"माझ्यासाठी? एकट्याने खेळायचा?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांना हसूच फुटलं. काकींनाही. दोघी अशा हसत सुटल्या की सूप कलंडलं, कोकमं पडवीभर घरंगळली, आणि ती गोळा करताना बाईंनी हळूच पदराने डोळे पुसलेले मी पाहिले. मीही मान खाली घालून जोरजोरात कोकमं वेचत होतो.

"मग मी घेऊ की नको?" औषधवाल्याने मधेच विचारलं.

"नको!" दोघी एकदम म्हणाल्या.

काकींनी मला फोन लावायला सांगितला, कारण त्यांचे हात लाल होते. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. उद्या ये, म्हणाल्या, पण मला न्यायला नको, आंबे न्यायला ये. मुलगा पलीकडून बराच वेळ बोलत होता. आई, असं काय करतेस, बाईंचंही वय झालं, त्यांना उगीच तुझा त्रास कशाला.

"अरे, तिला त्रास द्यायलाच राहत्ये," काकी म्हणाल्या, आणि मला मानेनेच सांगितलं, ठेव.